‘कार्डावर विमा आहेच’: फुकेतच्या जेटीवर मोडलेला खुबा आणि फोंड्याच्या एका घराचा हिशेब

गोव्यात ज्यांचं पोट पर्यटनावर आहे, त्यांची स्वतःची सुट्टी पावसाळ्यात असते. मे संपत आला की किनाऱ्यावरचे शॅक मोडले जातात, गेस्टहाऊसच्या खोल्या रिकाम्या राहतात, १ जूनपासून ट्रॉलरही दोन महिने बंद. मग जून-जुलैत कळंगुटपासून काणकोणपर्यंतची व्यावसायिक मंडळी आठ-दहा दिवस बाहेर पडतात. बाली, व्हिएतनाम, थायलंड. तिकिटं स्वस्त असतात, आणि थायलंडला नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांसाठी व्हिसामाफी आल्यावर निघणं आणखी सोपं झालं.

विम्याच्या दृष्टीने नेमकी अडचण इथेच आहे. युरोपला जाताना शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याचा कागद जोडावाच लागतो, त्यामुळे मनात नसलं तरी पॉलिसी घेतली जाते. जिथे व्हिसाच नाही तिथे पॉलिसी कोणी विचारत नाही. विमानतळावर नाही, इमिग्रेशनच्या खिडकीवर नाही. मग घरातला कोणीतरी म्हणतो, ‘माझ्या कार्डावर विमा आहेच’, आणि विषय मिटतो.

पुढचं प्रकरण एखाद्या ठरावीक घराचं नाही. अशा दाव्यांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून जुळवलेलं हे नमुना प्रकरण आहे. रकमा हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. १ बाथ म्हणजे २.६ रुपये आणि १ डॉलर म्हणजे ३३ बाथ, असा दर सगळीकडे धरला आहे.

कोण, कसे निघाले

फोंड्याचं तिघांचं कुटुंब. मुलगा ३३ वर्षांचा, किनाऱ्यावर छोटं गेस्टहाऊस चालवतो. आई ५९ वर्षांची, थायरॉईडची गोळी रोजची, आणि हाडं ठिसूळ होत असल्याचं निदान झाल्यामुळे दोन वर्षं आठवड्याला एक गोळी. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब. सहल आठ दिवस, सात रात्रींची.

मुलाकडे वरच्या श्रेणीचं क्रेडिट कार्ड. बँकेच्या माहितीपत्रकावर चार ओळी ठळक अक्षरांत: विमान अपघातात मृत्यू झाल्यास १ कोटी, परदेशात तातडीच्या रुग्णालयीन उपचारांसाठी १५ लाख, सामान उशिरा आल्यास भरपाई, कार्ड हरवल्यास झालेल्या गैरव्यवहाराची जबाबदारी. मुंबई–फुकेतची जाण्यायेण्याची तिन्ही तिकिटं आणि हॉटेल त्याच कार्डावर घेतलं. गोव्याच्या मोपा विमानतळापासून मुंबईपर्यंतची तिकिटं वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंगमध्ये, यूपीआयने.

निघण्याच्या आदल्या रात्री आईने विचारलं होतं, ‘अरे, मावशी गेली तेव्हा तिने विमा काढला होता. आपण नको?’ मुलगा म्हणाला, ‘आई, कार्डावर पंधरा लाखांचा आहे. परत पैसे कशाला घालायचे?’

त्यात खोटं काही नव्हतं. कार्डावर पंधरा लाख खरोखरच होते. कोणासाठी, एवढंच त्याने वाचलं नव्हतं.

जाताना मुंबईत पाऊस, मोपाहून विमान दोन तास उशिरा. पीएनआर वेगळे असल्याने मुंबईत सामान उतरवून घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागलं. मध्ये साडेचार तासांचं अंतर ठेवलं होतं म्हणून विमान सापडलं, पण एक बॅग फुकेतला २६ तासांनी पोचली. त्या बॅगेकडे पुढे येऊ.

चौथा दिवस

फुकेतच्या समुद्रालाही नैर्ऋत्य मोसमी वारेच लागतात. आपल्याकडे जूनमध्ये समुद्र जसा खवळतो तसाच अंदमान समुद्रही, आणि तिकडच्या किनाऱ्यांवर लाल बावटे लागलेले असतात. तरी पावसाने उघडीप दिली की बेटांच्या फेऱ्या चालू होतात. स्पीडबोटीतून उतरताना जेटीच्या शेवाळलेल्या पायरीवर आईचा पाय सटकला आणि ती उजव्या कुशीवर पडली. उठता येईना. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं. खुबा मोडल्याची ही ठळक खूण.

सकाळी ११:२० ला पडली. १२:३० ला खाजगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ततपासण्या. निदान: मांडीच्या हाडाची मान मोडलेली, तुकडे जागचे हललेले. अशा मोडीत हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. शिवाय माणूस जितके दिवस पडून राहील तितका पायात रक्ताची गुठळी होण्याचा, छातीत संसर्ग होण्याचा, पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत करतात. ‘गोव्याला नेऊन बघू’ हा पर्याय नव्हता. विमानात बसण्याची तिची अवस्था नव्हती, आणि झोपवून नेण्यासाठी विमान कंपनीचा वैद्यकीय होकार आणि बऱ्याच आसनांचे पैसे लागले असते.

डॉक्टरांनी कृत्रिम खुबा बसवायचं ठरवलं. त्यानंतर रुग्णालयाच्या आंतरराष्ट्रीय कक्षातली बाई फाईल घेऊन आली. तिने एकच विचारलं: विमा कंपनीचं नाव आणि चोवीस तास चालणारा मदत क्रमांक?

मुलाने कार्ड पुढे केलं.

१:३० ते ९:४०

आठ तास दहा मिनिटं. या प्रकरणाचा गाभा या वेळेत आहे.

प्रवास विमा असता तर पुढची वाट सरळ होती. पॉलिसीवर मदत कंपनीचा नंबर असतो. त्यावर फोन करून पॉलिसी क्रमांक, पासपोर्टवरचं नाव, रुग्णालयाचं नाव आणि निदान सांगायचं. मदत कंपनी रुग्णालयाशी थेट बोलते, तपासणीचे कागद मागवते, आणि दावा बसतो असं दिसलं की ‘गॅरंटी ऑफ पेमेंट’चं पत्र पाठवते. पत्र आलं की रुग्णालय पैसे मागायचं थांबतं. कागद नीट असतील तर हे काम साधारण काही तासांत होतं.

कार्डाच्या मागच्या नंबरवर मुलाने फोन केला. तो बँकेच्या ग्राहक सेवेचा. तिथून विमा कंपनीचा ईमेल मिळाला. कार्डावरचा विमा ही समूह पॉलिसी असते. पॉलिसीधारक बँक, आणि कार्डधारक त्या समूहातला एक लाभार्थी. त्याच्या हातात पॉलिसीचा कागद नसतो, स्वतःचा पॉलिसी क्रमांक नसतो. बँक दरवर्षी करार बदलू शकते, विमा कंपनीही बदलू शकते. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डाउनलोड केलेलं माहितीपत्रक आज लागू असेलच असं नाही. संध्याकाळी उत्तर आलं: विमा संरक्षण फक्त प्राथमिक कार्डधारकाला. कुटुंबीयांना नाही. वडिलांकडे त्याच खात्याचं ॲड-ऑन, म्हणजे जोड, कार्ड होतं, त्यांनाही नाही. तिकीट कार्डावरून काढल्याने आईला संरक्षण मिळेल, हा समज चुकीचा ठरला. तिकिटाची अट कार्डधारकाचा विमा जागा करण्यासाठी असते. त्याच तिकिटावर बसलेल्या इतरांना ती आपोआप आत घेत नाही.

दरम्यान रुग्णालयाने ३,००,००० बाथ अनामत मागितली होती, म्हणजे ७,८०,००० रुपये. वेदनाशामक औषधं, सलाईन, पाय स्थिर ठेवणं हे सगळं चालू होतं. त्यात हयगय नव्हती. पण शस्त्रक्रियागृहाची वेळ अनामत भरल्यावरच मिळणार होती. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आधी दाखल आणि मग कागद, ही सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. पण परदेशी रुग्ण बिल न भरता निघून जाण्याचा अनुभव असलेल्या रुग्णालयाचं ते नेहमीचं धोरण आहे. सरकारी रुग्णालयाचा पर्याय होता, तिथे खर्च बराच कमी झाला असता. पण खुबा मोडलेल्या बाईला पुन्हा रुग्णवाहिकेत चढवायचं, तिथे किती थांबावं लागेल ठाऊक नाही, भाषा येत नाही. घरच्यांनी तो नाकारला, आणि त्या क्षणी बहुतेक जण नाकारतातच.

घरात पैसा नव्हता असंही नाही. वडिलांची ठेव पतसंस्थेत होती, पण पतसंस्था किंवा छोटी सहकारी बँक परदेशी रुग्णालयाच्या खात्यात पैसे पाठवू शकत नाही. ठेव मोडून आधी मोठ्या बँकेत आणायची आणि मग तिथून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवायचे. फोंड्यात तोवर बँका बंद व्हायला आल्या होत्या, आणि थायलंडचं घड्याळ दीड तास पुढे. वडिलांच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंदच होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड देशांतर्गत वापरापुरतंच चालू असतं, परदेशी वापर आपण सुरू करावा लागतो. तो ॲपमधून करायला ओटीपी हवा, आणि वडिलांच्या सिमवर रोमिंग नव्हतं.

मुलाच्या कार्डाची मर्यादा ८ लाख. तिकिटं आणि हॉटेलचे २ लाख १० हजार आधीच लागलेले. उरलेल्यातून २,००,००० बाथ भरले: ५,२०,००० रुपये, त्यावर २ टक्के परकीय चलन शुल्क १०,४०० आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी १,८७२. उरलेल्या १ लाख बाथसाठी रुग्णालयाने पेमेंटची लिंक दिली, आणि मडगावच्या मेहुण्याने स्वतःच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून, मर्यादा वाढवून, तिसऱ्या प्रयत्नात २,६०,००० रुपये भरले. तेव्हा ९:४० झाले होते. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी झाली.

बिल

रुग्णवाहिका ६,००० बाथ. तातडीचा विभाग आणि तपासण्या ३८,०००. शल्यचिकित्सक, भूल आणि शस्त्रक्रियागृह २,१०,०००. कृत्रिम खुबा १,२५,०००. सात रात्रींची खोली ९८,०००. औषधं आणि इतर साहित्य ७२,०००. फिजिओथेरपी आणि वॉकर १६,०००. एकूण ५,६५,००० बाथ, म्हणजे १४,६९,००० रुपये.

बिलाबाहेरचा खर्च लोक मोजत नाहीत. परतीची मूळ तिकिटं आठव्या दिवशी वाया गेली. डिस्चार्ज अकराव्या दिवशी मिळाला, पण लगेच उडता आलं नाही. अशा रुग्णासाठी विमान कंपनी मेडिफ नावाचा फॉर्म मागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो भरायचा, आणि कंपनीच्या वैद्यकीय विभागाने होकार द्यायचा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साडेचार-पाच तास पाय मुडपून बसणं म्हणजे गुठळीला आमंत्रण. म्हणून रक्त पातळ करणारं औषध सुरू ठेवून, पाय लांब करता येईल अशा बिझनेस श्रेणीच्या आसनावर सोळाव्या दिवशी उड्डाण झालं. यावेळी मोपापर्यंत एकाच पीएनआरवर, आणि व्हीलचेअर आधी सांगून ठेवलेली. तीन नव्या तिकिटांचे १,६८,०००. आठ वाढीव रात्रींचं हॉटेल २२,४०० बाथ, म्हणजे ५८,२४० रुपये. मुलाच्या कार्डाचं चलन शुल्क १२,२७२.

बेरीज १७,०७,५१२ रुपये. कार्डाच्या विम्यातून आईच्या उपचारासाठी मिळालं शून्य.

उशिरा आलेल्या बॅगेचं मात्र मिळालं. ती टॅग मुलाच्या नावावर होती, त्याने फुकेत विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा नोंद क्रमांक घेतला होता, आणि कपडे-औषधांच्या पावत्या ठेवल्या होत्या. कार्डावरच्या विम्याचं खरं काम एवढ्याच आवाक्याचं आहे, आणि ते काम तो नीट करतो. त्याला निरुपयोगी म्हणणं अन्यायाचं होईल. फक्त तो घराचा विमा नाही.

मुलगाच पडला असता तर?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण अनेक जण एकट्याने प्रवास करतात. तेव्हा तरी कार्ड पुरेल?

मर्यादा १५ लाख, बिल १४.६९ लाख. जेमतेम. एक गुंतागुंत, दोन दिवस अतिदक्षता विभाग, की मर्यादा संपली. तिकिटं आणि हॉटेल त्यात नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा संरक्षणात बऱ्याचदा आधी स्वतः भरायचं आणि मग भरपाई मागायची असते, म्हणजे अनामतीचे ते आठ तास त्यालाही चुकले नसते. त्यात अटी आणखी: मागच्या ठरावीक दिवसांत, बँकेनुसार ३०, ६० किंवा ९०, कार्डावर किमान एक व्यवहार झालेला असावा, तिकीट पूर्णपणे कार्डावरच घेतलेलं असावं, आणि रिवॉर्ड पॉइंटवर घेतलेलं तिकीट काही करारांत चालत नाही. काही कार्डांवर ‘अपघात’ एवढाच शब्द असतो. पोटाच्या संसर्गाने किंवा डेंग्यूने दाखल झालेला माणूस त्यात बसत नाही. आणि १ कोटीची ती ठळक ओळ विमान कोसळून मृत्यू झाला तरच कामाची. रस्त्यावर, बोटीत, हॉटेलच्या न्हाणीघरात झालेल्या अपघाताशी तिचा संबंध नाही.

घरच्या मेडिक्लेमचं काय? नेहमीची भारतीय आरोग्य पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरती असते, परदेशासाठी वेगळं कलम असलं तरच चालते. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिच्या यादीतल्या रुग्णालयांतच. भारतीय दूतावास नातेवाइकांशी संपर्क, कागदपत्रं, भाषेची मदत यांत खरंच उपयोगी पडतो, पण रुग्णालयाचं बिल भरणं हे त्याचं काम नाही. भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, तो अगदीच निराधार अवस्थेतल्यांसाठी, आर्थिक स्थिती पाहून. गेस्टहाऊसच्या मालकाने त्यावर विसंबू नये.

पॉलिसी असती तर काय झालं असतं, आणि काय नाही

आईसाठी आशियाची, ५०,००० डॉलरची, १०० डॉलर डिडक्टिबलची (म्हणजे तेवढे आधी आपण भरायचे) पॉलिसी धरू. या वयाला आठवड्याभराच्या सहलीचा हप्ता साधारण हजार रुपयांच्या आसपास असतो, कंपनी आणि रक्कम पाहून वर-खाली. ५०,००० डॉलर म्हणजे वरच्या दराने साडेसोळा लाख बाथ. बिल त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाचं. घरच्यांनी भरायचे १०० डॉलर, म्हणजे सुमारे ८,५८० रुपये. आईचं बिझनेस आसन वैद्यकीय कारणाने मिळालं असतं, पण मदत कंपनीच्या डॉक्टरचा होकार तिकीट काढण्याआधी घेतला असता तरच. आधी तिकीट काढून मग पावती पाठवली की हा भाग हमखास अडकतो. वडील-मुलाचं हॉटेल आणि तिकिटं पॉलिसीत तसं कलम असेल तर, नाहीतर खिशातून. सगळं मिळतं असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका.

आता त्या पॉलिसीतही दावा कुठे अडला असता, ते पाहू.

आईची हाडं ठिसूळ असल्याचं निदान आधीपासूनचं. प्रस्ताव अर्जात ते लिहिलं नसतं, तर विमा कंपनीने रुग्णालयाच्या फाईलमध्ये औषधाचं नाव वाचून पहिलं पत्र माहिती लपवल्याचं पाठवलं असतं. लिहिलं असतं तरी प्रश्न उरतोच: हाड पडल्यामुळे मोडलं, की ठिसूळ असल्यामुळे? इथे सगळं वजन तातडीच्या विभागातल्या पहिल्या नोंदीवर पडतं. डॉक्टर विचारतात ‘काय झालं?’ आणि घाबरलेला माणूस सांगतो, ‘चालता चालता पाय गेला’. तेच टिपलं जातं. खरं काय घडलं ते पूर्ण सांगायचं: बोटीतून उतरताना, ओल्या पायरीवर, पाय घसरून उजव्या कुशीवर पडली, अमुक वाजता, बोटीतले दोघे समोर होते. ही एक ओळ फाईलमध्ये इंग्रजीत आली की अपघाताचा दावा भक्कम होतो. डिस्चार्जच्या कागदावर ‘पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर’ हा शब्द आला असेल, तर रुग्णालय सोडण्याआधी डॉक्टरांना विचारायचं की एक्स-रेमध्ये आजाराने हाड मोडल्याची खूण खरंच दिसते का. दिसत नसेल तर दुरुस्ती तिथेच करून घ्यायची. फोंड्यात परतल्यावर तो शब्द बदलून घेणं फार अवघड.

त्याच फाईलमध्ये दारूची नोंद असते. दारूच्या अंमलाखाली झालेली इजा जवळपास सगळ्या पॉलिसी वगळतात. भाड्याच्या स्कूटरवर पडलेल्यांना तिथे वैध ठरणारा परवाना आणि हेल्मेट विचारलं जातं. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंट-अ-बाईक घेऊन फिरणाऱ्यांना आपण रोज पाहतो, पण तिकडे जाऊन आपणच आंतरराष्ट्रीय परवाना न काढता स्कूटर घेतो. आपल्या भागाच्या आरटीओत तो परवाना निघतो, आणि त्याच्याशिवाय झालेल्या अपघाताचा दावा नाकारायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही. पॅरासेलिंग, स्कूबा यांसाठी साहसी खेळांचं कलम वेगळं पाहायचं.

वडील पडले असते तर गणित आणखी बदललं असतं. साठी ओलांडल्यावर अनेक योजनांत पोट-मर्यादा लागतात: खोलीला दिवसाला इतके डॉलर, शस्त्रक्रियेला इतके, भूल देणाऱ्याला शस्त्रक्रियेच्या ठरावीक टक्के. पॉलिसीवर ५०,००० लिहिलेलं असतं, पण शस्त्रक्रियेची पोट-मर्यादा उदाहरणार्थ ५,००० डॉलर असेल, तर वरच्या बिलातल्या २,१०,००० बाथपैकी १,६५,०००च सुटतात. ज्येष्ठांसाठी थोडा जास्त हप्ता देऊन पोट-मर्यादा नसलेली योजना घ्यावी, यावर आम्ही ठाम आहोत. शिवाय त्यांचा मधुमेह-रक्तदाब. आधीच्या आजारावर बहुतेक पॉलिसी जीव धोक्यात आला तरच, तेही ठरावीक रकमेपर्यंत पैसे देतात. हृदयविकाराचा झटका आला तर कंपनी रक्तदाबाचा इतिहास काढते. अर्जात तो लिहिलेला असला तर बोलायला जागा राहते.

निघण्याआधीचा अर्धा तास

पॉलिसी भारतात असताना, विमान सुटण्याआधी घ्यायची. बाहेर पोचल्यावर बहुतेक कंपन्या देत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरशः. तारखा निघण्याच्या दिवसापासून परतल्यानंतर एक-दोन दिवसांपर्यंत, कारण पावसात मुंबईत अडकलात तर पॉलिसी आदल्या रात्री संपलेली नको. थायलंड, बाली, व्हिएतनामला ५०,००० डॉलरच्या खाली जाऊ नये. युरोपला व्हिसापुरते ३०,००० युरो न पाहता १ लाख डॉलर घ्यावेत. अमेरिकेत मुलीकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना अडीच लाख डॉलरच्या खाली जाऊ देऊ नये.

मदत क्रमांक फक्त ईमेलमध्ये ठेवू नका. कागदावर लिहून प्रत्येकाच्या पासपोर्टच्या खिशात ठेवा, औषधांची यादी त्यांच्या मूळ रासायनिक नावांसह त्याच कागदावर. घरातल्या किमान दोन कार्डांवर परदेशी व्यवहार चालू, ओटीपी येईल असं रोमिंग चालू, आणि गावी एक माणूस असा ठरलेला की ज्याच्या मोठ्या बँकेतल्या खात्यातून परदेशी पैसे जाऊ शकतात. रुग्णालयात दाखल होताच, साधारण २४ तासांच्या आत, मदत कंपनीला कळवायचं. उशीर झाला तर कारणासह लिहून. निघताना तपशीलवार बिल, डिस्चार्ज समरी, तातडीच्या विभागाची पहिली नोंद, एक्स-रेची सीडी आणि पैसे भरल्याच्या पावत्या इंग्रजीत घ्यायच्या. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के सांभाळायचे.

दावा नाकारला गेला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आयआरडीएआय या विमा नियामकाचा विमा भरोसा पोर्टल आणि १५५२५५ हा नंबर नोंदीसाठी. कार्ड विकताना बँकेने ‘संपूर्ण कुटुंबाला विमा’ असं लेखी सांगितलं असेल, तर ती बँकेविरुद्धची तक्रार आहे, आणि ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते. तोंडी सांगितलेलं मात्र सिद्ध करता येत नाही, म्हणून विकणाऱ्याकडून ते ईमेलवर मागून घ्यायचं.

आई आता काठीशिवाय चालते, आणि मुलीकडे दुबईला जायचं म्हणते. त्या पॉलिसीच्या अर्जात तीन ओळी जातील: थायरॉईड, ठिसूळ हाडांचं औषध, आणि उजव्या खुब्याचं प्रत्यारोपण, महिना-वर्षासह. तो खुबा निखळला किंवा सैल झाला तर तो आता आधीचा आजार धरला जाईल. त्यासाठी काय मिळतं आणि काय नाही, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घेतल्यावरच तिकीट काढायचं.